सहाव्या मजल्याचं चाक

माझा मामा पाण्याला घाबरतो, अशी एक अफवा आमच्या नात्यात आहे. ती खोटी आहे. मामा उत्तम पोहतो. पाण्याचा त्याला फक्त राग आहे. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्याचा असतो तसा रोजचा, बारीकसारीक आणि न संपणारा राग. सकाळी डोळे उघडले की माणसं घड्याळ बघतात. मामा उशाजवळचं हवेतला ओलावा मोजायचं गोल यंत्र बघतो. काटा साठाच्या वर असला तर तो चहा पिताना बोलत नाही. सत्तरच्या वर असला तर मामी बोलत नाही, कारण बोलून उपयोग नसतो.

याला कारण मामाचा धंदा. मामा ओतारी आहे. ओतारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पितळ, भट्टी आणि काळेकुट्ट हात येतात. मामाचे हात एखाद्या डॉक्टरसारखे स्वच्छ असतात, कारण तो नायलॉन ओततो. "म्हणजे दोऱ्या?" असं कोणी विचारलं की त्याचा चेहरा पडतो. दोरी हा त्याच्या मते नायलॉनचा पोरकटपणा आहे. मामा चाकं ओततो. कारखान्यातल्या यंत्रांची, मालाच्या पट्ट्यांची, वजनं उचलणाऱ्या यारींची चाकं. लोखंडाहून हलकी, आवाज न करणारी, साईच्या रंगाची.

ती ज्यातून होतात त्या पदार्थाचं नाव कॅप्रोलॅक्टम. पोत्यातून येतो तेव्हा साबणाच्या चुऱ्यासारखा दिसतो. सत्तरएक अंशांना वितळून पाण्यासारखा नितळ होतो. मामा ते नाव सासरकडच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचं घ्यावं तसं सांभाळून घेतो. तो एक सेंद्रिय अमाइड आहे, एवढं सांगून कोणाचं समाधान होत नाही हे त्याला ठाऊक आहे, म्हणून माझ्या मुलीच्या सहाव्या वाढदिवसाला त्याने प्रात्यक्षिकच केलं.

अठ्ठावीस मुलं जमली होती. मामाने सात-सात जणांचे चार गोल केले आणि हात धरायला लावले. "हा एक गोल म्हणजे कॅप्रोलॅक्टमचा एक कण. सहा जण कार्बन, एक जण नायट्रोजन." नायट्रोजन कोणी व्हायचं यावरून चारही गोलांत रडारड झाली. ती निस्तरल्यावर मामा म्हणाला, "आता नायट्रोजनने शेजारच्या एका कार्बनचा हात धरलाय ना, ती अमाइडची गाठ. सुटायची ती एवढीच. बाकीच्यांनी काय वाट्टेल ते झालं तरी हात सोडायचा नाही." मग त्याने टाळी वाजवली. पहिल्या गोलाची गाठ सुटली, गोल उलगडून सरळ झाला, त्याच्या टोकाने दुसऱ्या गोलाची गाठ सोडवून तिथे हात धरला, दुसऱ्याने तिसऱ्याला धरलं, आणि बघता बघता अठ्ठावीस पोरांची एक लांबलचक रांग झाली. "हे नायलॉन," मामा म्हणाला. "पुस्तकात याला बहुवारिक म्हणतात. खऱ्या रांगेत हजारो असतात."

हात सोडायचा नाही हे पोरांनी फार मनावर घेतलं. रांग दारातून बाहेर पडली, चार मजले उतरली आणि दोन चौक पलीकडे बसथांब्यावर सापडली. परत आणून मोजली तेव्हा बत्तीस भरली. मधली चार कोणाची ते आम्हाला आजही माहीत नाही. केक खाऊन गेली.

आता पाण्याचा प्रश्न. मामाच्या पद्धतीत वितळलेल्या कॅप्रोलॅक्टममध्ये एक औषध घालतात, ते गोल उघडायला सुरुवात करतं. मग साच्यात ओतलं की दहा मिनिटांत सगळं घट्ट होऊन चाक तयार. पण त्यात पाण्याचा अंश जरी गेला तरी औषध मरतं, रांग लागत नाही, आणि साच्यात नुसतं खळीसारखं काहीतरी बसून राहतं. धाग्याचं नायलॉन करणारे मोठे कारखाने याच कॅप्रोलॅक्टममध्ये मुद्दाम पाणी घालून सुरुवात करतात. मामा त्या लोकांबद्दल बोलत नाही.

ओतायच्या दिवशी मामा अंघोळ करत नसे, आदल्या दिवशी दोनदा करत असे. ओतण्याच्या खोलीत सर्दीवाल्याला, केस ओले असलेल्याला आणि बोलताना थुंकी उडणाऱ्याला प्रवेश नव्हता. एकदा कारखान्याचे मालक पाहुण्यांना घेऊन आत आले आणि भांड्यापाशी उभे राहून शिंकले. मामाने मालकांना दंडाला धरून त्यांच्याच कारखान्याच्या फाटकाबाहेर नेऊन सोडलं आणि पहारेकऱ्याला सांगितलं, "नाक कोरडं झालं की आत घे." मालक चाळीस मिनिटं बाहेर उभे होते. नंतर म्हणे त्यांनी पाहुण्यांना सांगितलं की आमच्याकडे दर्जाबाबत अजिबात तडजोड नाही.

साहजिकच सगळे त्याला कोरडेमामा म्हणत. आणि या कोरडेमामाची बायको, म्हणजे माझी मामी, धुलाईचं दुकान चालवते. घर वर, दुकान खाली. खाली दिवसभर तांब्याच्या मोठ्या हंड्यांत चादरी उकळतात, वाफ जिन्याने वर येते आणि मामा दारात उभा राहून वर्तमानपत्राने ती परत खाली ढकलतो. संसार उत्तम चालला आहे. "आमचं कशावरूनच भांडण नाही," मामी म्हणते. "त्याला फक्त मी जे करते ते आवडत नाही."

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे मावशी.

मावशी ही मामाची थोरली बहीण. मामा तिला ताई म्हणतो. ती त्याला अजून धाकट्या म्हणते, जरी धाकट्याला आता अठ्ठावन्न पुरी झाली आहेत. ती आमच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर एकटी राहते. मी चौथ्यावर. आणि तळमजल्यावर राहत होत्या खालच्या काकू. काकू आणि मावशी यांची मैत्री एकोणतीस वर्षांची. रोज चार वाजता मावशी लिफ्टने खाली जायची, काकूंच्या खिडकीत बसायची, आणि दोघी मिळून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला नापास करायच्या. दोघींचेही गुडघे गेलेले. जिना दोघींनाही सारखाच बंद.

तर एके दिवशी लिफ्ट थांबली. लिफ्टवाला आला, वरच्या खोलीत जाऊन बघून आला आणि म्हणाला की दोर जिथे वळतो तिथलं चाक तडकलंय. लिफ्ट इतकी जुनी की ती बनवणारी कंपनीच उरलेली नाही. नवीन चाक मागवून घ्यायला चार महिने लागतील.

चार महिने कळ काढली असती. पण काकू पाच आठवड्यांनी कायमच्या जाणार होत्या. त्यांच्या मुलाला दूरच्या शहरात मोठं घर मिळालं होतं. ट्रक ठरला होता, रविवार ठरला होता. म्हणजे लिफ्ट सुरू झाली नाही तर या दोघींची भेट व्हायची नाही, आणि या वयात कायमचं म्हणजे खरोखरच कायमचं असतं.

मी मावशीला म्हटलं, "आपण तुला खुर्चीत बसवून खाली नेऊ. चौघं जण उचलू."

"मला चौघांनी उचलायचं ते एकदाच," मावशी म्हणाली. "आत्ता उचललं तर तेव्हा लोक म्हणतील, हिला काय, सारखंच उचलतात."

तोवर दोघी लिफ्टच्या बोगद्यातून बोलू लागल्या होत्या. दरवाजे जुने, जाळीचे. सहाव्या मजल्यावर मावशी जाळीला तोंड लावून बसे, तळाशी काकू. दोघींकडे सापशिडीचा एकेक पट होता. मावशी वर फासा टाके आणि ओरडून आकडा सांगे, काकू खाली.

"सहा."

"परत सहा? कालपासून तुला दुसरं काही पडतच नाही का गं?"

"तू येऊन बघ की."

"येता आलं असतं तर तुझा फासाच आधी बघितला असता."

मामा एकदा आला, चौथ्या मजल्यावर माझ्या दारात उभा राहून हे पाच मिनिटं ऐकत राहिला, आणि मग म्हणाला, "चाक मी ओततो."

लिफ्टवाल्याने आधी खळखळ केली. पण मामाची चाकं दोन-दोन टनांच्या यारीत फिरतात हे कळल्यावर त्याने माप दिलं.

ओतायच्या दिवशी मी मदतीला म्हणून कारखान्यात गेलो. मदतीला म्हणजे एका कोपऱ्यात उभं राहायला. दाराशी मामाने माझी चौकशी केली. "सकाळपासून पाणी किती प्यालास?"

"दोन ग्लास."

"बोलू नकोस. मान हलव."

दोन भांड्यांत कॅप्रोलॅक्टम तापत होतं. एका भांड्यात गोल उघडणारं औषध, दुसऱ्यात त्याला घाई करायला लावणारं. शेजारच्या भट्टीत चाकाचा साचा तापत होता. मामाने दोन्ही भांडी एकत्र केली आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीत माझा फोन वाजला. तिथे बसलेल्या टर्नरने, म्हणजे चाकं लेथवर कापून मापात आणणाऱ्या माणसाने, तो उचलला आणि दारातून सांगितलं, "तुमच्या मावशींचा आहे. काकूंनी कपाट बांधायला घेतलं म्हणतायत. रडतायत."

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. "फोन लांब ने," तो दात न उघडता म्हणाला. "रस्त्यापलीकडे ने."

टर्नर फोन हात लांब करून, गळणारी पिशवी धरावी तसा धरून पळाला. मी सुशिक्षित माणूस आहे. फोनमधून अश्रू येत नाहीत हे मला माहीत आहे. पण मामा ओतताना गळ्यात अडकवतो त्या ओलाव्याच्या छोट्या यंत्राचा काटा दोन घरं वर गेला होता, तो मी या डोळ्यांनी पाहिला.

मामाने ओतलं. पाण्यासारखी नितळ धार साच्यात गेली. मग आम्ही तिथे दोन खांबांसारखे उभे राहिलो. चौथ्या मिनिटाला कडेने धुकं धरल्यासारखं झालं, सातव्याला ते मधोमध आलं, आणि दहाव्याला साच्यात साईच्या रंगाचं घट्ट चाक होतं. मामाने पहिल्यांदा श्वास सोडला, तोही तोंड दुसरीकडे करून.

दुसऱ्या दिवशी चाक कापायचं होतं. हे काम खासगी, घरचं. एरवी ओतलेली चाकं टर्नरकडे द्यायची आणि आपण दुसऱ्या कामाला लागायचं अशी पद्धत. पण ताईच्या जिवाचा प्रश्न, म्हणून मामा स्वतः चाक घेऊन गेला. ते त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळलं होतं आणि आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकल्या होत्या. टर्नर जरा बिचकलेला वाटला.

"मामा, ठेवून जा. दोन-तीन दिवसांनी देतो."

"आत्ता काप. मी थांबतो."

"तुम्ही चहा तरी घेऊन या."

"नको."

"सुट्टी का घेत नाही एखादा दिवस? किती दिवसांत घेतली नाही."

"हे झालं की घेतो."

टर्नरने माझ्याकडे बघितलं. मला काही कळलं नाही, म्हणून मी हसलो. त्याने सुस्कारा टाकला आणि यंत्र सुरू केलं. चाक ज्या दोन लोखंडी पाट्यांच्या मधे बसायचं, तिथे मामाने दोन्ही बाजूंना कागद सरकेल एवढीच फट ठेवायला लावली. "माझं चाक डुगडुगत नाही," तो म्हणाला. "मामा, जरा मोकळं ठेवू या, फुगलंबिगलं तर," टर्नर चाचरत म्हणाला. "माझं चाक फुगायला त्याने पाणी कुठून प्यावं?" मामाने विचारलं, आणि टर्नरने कागदाएवढीच फट ठेवली.

एका शनिवारी चाक बसलं. लिफ्ट अशी चालू लागली की आवाजच नाही. पहिल्या दिवशी लोकांना ती आलेली कळायची नाही आणि ते जिन्याने जायचे. काकूंच्या जाण्याला अजून तीन आठवडे आणि एक दिवस होता. मामा सहाव्या मजल्यावर गेला, जाळीचा दरवाजा उघडून धरला आणि म्हणाला, "चल, ताई."

मावशीने त्याच्याकडे बघितलं, लिफ्टकडे बघितलं.

"हे तू केलंयस?"

"हो."

"तू लहानपणी केलेली गाडी आठवते का तुला?"

"ताई, ती पुठ्ठ्याची होती."

"तरी मी बसले होते तिच्यात. माझ्या कोपरावर अजून खूण आहे. तीन आठवडे लोकांना जाऊ-येऊ दे. कोणी पडलं नाही तर मी बसते."

मामाने पुष्कळ समजावलं. शेवटी तो स्वतः लिफ्टमध्ये शिरला. मावशी वर खुर्ची टाकून बसली. तो खाली गेला की ती ओरडायची, "पोचलास का?" खालून आवाज यायचा, "पोचलो." "मग वर ये." तो वर आला की ती त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघायची आणि म्हणायची, "परत जा." त्या दिवशी मामाने एकेचाळीस फेऱ्या केल्या. बेचाळिसाव्या फेरीला तो तळमजल्यावर उतरला आणि मुकाट्याने घरी निघून गेला.

तुम्ही म्हणाल, मग काकूंनी वर जायचं. आम्हीही तेच म्हणालो. काकू म्हणाल्या, "जिच्या पाठच्या भावाने चाक केलंय ती बसत नाही, आणि मी परकी बसू? मला काय मुलगा नाही?" यात तथ्य होतं. त्यामुळे लिफ्ट रेशमासारखी खालीवर होत राहिली आणि या दोघी पूर्वीसारख्याच ओरडून सापशिडी खेळत राहिल्या. फक्त आता मधून लिफ्ट गेली की आकडा नीट ऐकू यायचा नाही आणि भांडणं वाढली.

शेवटच्या शनिवारी तीन आठवडे पुरे झाले. कोणी पडलं नव्हतं. रविवारी सकाळी नऊ वाजता मावशी चांगले कपडे घालून, हातात पर्स घेऊन लिफ्टमध्ये शिरली. मामा दोन तासांपासून तळमजल्यावर उभा होता. लिफ्ट आली, दार उघडलं, मावशी बाहेर आली आणि म्हणाली, "बरं आहे." मामाला तीस वर्षांत मालकांनी दिलेल्या सगळ्या प्रशस्तिपत्रांहून ते मोठं वाटलं असावं, कारण तो भिंतीकडे वळला आणि खिशातली ओलावा शोषणारी एक पुडी त्याने डोळ्यांना लावली.

काकूंचं घर मात्र रिकामं झालं होतं. सामान ट्रकमध्ये. काकू मधोमध उभ्या. बसायला जमिनीशिवाय काही नाही, आणि जमिनीवर बसलेल्या या दोघींना उठवणं हे वेगळं काम झालं असतं.

"किती वाजता निघायचं?" मावशीने विचारलं.

"अकराला."

"मग चल वर. माझ्याकडे खुर्च्या तरी आहेत."

काकूंनी मामाकडे एकदा रोखून बघितलं आणि त्या आत शिरल्या. लिफ्ट निघाली. पहिला मजला, दुसरा, तिसरा. मग वरून कोणीतरी जड कपाट सरकवल्यासारखा आवाज आला, आणि लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मधे थांबली.

मामा जिना कसा चढला ते मला दिसलं नाही. मी तळमजल्यावरून माझ्या दारापर्यंत पोचेतो तो सहावाही ओलांडून गेला होता. मी मागोमाग वरच्या खोलीत गेलो. छताच्या वर पाण्याची टाकी होती. टाकी भरली की वाहायची, आणि ते पाणी छताच्या चिरेतून थेंबाथेंबाने बरोबर मामाच्या चाकावर पडत होतं. किती वर्षं पडत होतं कोणास ठाऊक. जुन्या लोखंडी चाकाने पाण्याची कधी तक्रार केली नव्हती. मामाने चाकावर तळहात ठेवला. चाक दोन्ही पाट्यांच्या मधे पाचर मारावी तसं बसलं होतं. कागद सोडा, विचारसुद्धा सरकला नसता.

"प्यालंय," मामा म्हणाला. "तीन आठवडे पितंय."

मी लिफ्टवाल्याला फोन केला, मामाने टर्नरला. टर्नर आधी पोचला, कारण तो या फोनची वाटच बघत होता. चाक पाहून तो खाली बसला आणि म्हणाला, "मामा, आता सांगतो. नायलॉन ओतून काढलं की कोरडं असतं, ठिसूळ असतं. त्याला आधी पोटभर पाणी पाजायचं, मग ते चिवट होतं, जेवढं फुगायचं तेवढं फुगून घेतं, आणि मग मापात कापायचं. सगळीकडे असंच करतात. आपल्याकडेही."

"आपल्याकडे कोण करतं?"

"मी. तुमच्या सुट्टीच्या दिवशी. तीस वर्षं."

मामाने चाकावरचा हात काढून घेतला. "माझी चाकं?"

"सगळी. मागच्या शेडमधल्या पिंपात उकळतो. मालकांनाही माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. तुम्हाला सांगायची कोणाची छाती झाली नाही."

"पाणी कुठलं?"

"नळाचं."

मामाने डोळे मिटले. मला वाटतं, बाकी सगळं त्याने सोसलं असतं. नळाचं म्हटल्यावर त्याला लागलं.

लिफ्टवाला आला. म्हणाला, घाबरायचं कारण नाही, दोर भक्कम आहे. पाट्या सैल करून हाताने फिरवून दहा मिनिटांत खाली घेतो. मामा चौथ्या मजल्याच्या जाळीपाशी गेला. खाली लिफ्टचं छप्पर दिसत होतं आणि आतून बोलण्याचा आवाज येत होता. जिन्यावर तोवर अर्धी इमारत जमली होती. दोन जिवलग मैत्रिणी, शेवटची भेट, अधांतरी अडकलेल्या. काय बोलत असतील म्हणून सगळे कान देऊन उभे होते. त्या दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांबद्दल बोलत होत्या. ते कसे शेजाऱ्यांचं वर्तमानपत्र आधी वाचून, घडी घालून परत दाराशी ठेवतात याबद्दल. ते गृहस्थ पुढच्याच पायरीवर उभे होते. बिचारे पाठ फिरवूनही जाऊ शकेनात, कारण मागे गर्दी होती.

"ताई," मामा जाळीतून म्हणाला. "ताई, माझी चूक झाली."

"कोण, धाकट्या? कसली चूक?"

"चाक फुगलंय."

आतून मावशीने विचारलं, "किती वेळ फुगलेलं राहील?"

"लिफ्टवाला आलाय. दहा मिनिटांत खाली घेतो म्हणतोय."

"दहा मिनिटं?" आतून काकूंचा आवाज आला. "एवढी कसली घाई आहे त्याला?"

"त्याला म्हणावं, चहा घे," मावशी म्हणाली. "आमचं बोलणं अजून तिसऱ्या मजल्यावर यायचंय."

काकूंचा मुलगा खाली-वर करत होता. ट्रक निघतोय, आगगाडी चुकतेय, असं त्याने जाळीतून दोनदा सांगून पाहिलं. "मी काय करू?" काकू म्हणाल्या. "मी अडकलेय." मुलाने मामाकडे बघितलं, मामाने लिफ्टवाल्याकडे, आणि लिफ्टवाला माझ्या घरी चहाला आला. ट्रक पुढे गेला. गाडीही गेली, पुढची संध्याकाळी होती. मावशी आणि काकू तीन तास लिफ्टमध्ये होत्या. मामाने मधे छपराच्या फटीतून दोन घड्या घातलेल्या चादरी आणि एक थर्मास आत सोडला. दोघी बोलत बोलत खालच्या मजल्यांवरून तिसऱ्यावर आल्या, चौथ्यावर आमच्याबद्दल बोलल्या तेव्हा मी आत जाऊन रेडिओ लावला, आणि मग पाचव्यावरही पोचल्या असाव्यात. सहाव्याबद्दल मात्र आतून काही ऐकू आलं नाही. शेवटी मावशी म्हणाली, "धाकट्या, आता घे खाली."

तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा दोघींचे डोळे लाल होते. मामा शेजारी उभा होता आणि त्याने गळ्यातल्या यंत्राकडे बघितलं नाही. काकूंनी स्टेशनला जायच्या रिक्षात बसताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चांगलं चाक आहे हो."

काकू गेल्या आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की लिफ्ट बंद आहे आणि मावशी तळमजल्यावर आहे. चौघांनी उचलण्याचा विषय कोणी काढलाच नाही. काकूंच्या रिकाम्या घरात तिची गादी, एक खुर्ची आणि पाण्याचा जग नेऊन ठेवला, आणि ती आठ दिवस तिथे राहिली.

ते आठ दिवस चाक मामीच्या दुकानात होतं. टर्नरने कडा साफ केल्यावर मामाने स्वतः ते तांब्याच्या हंड्यात सोडलं. नळाच्याच पाण्यात. मामी एका हंड्यात चादरी ढवळत होती, मामा दुसऱ्यासमोर स्टूल टाकून बसला होता. "काठी देऊ का?" मामीने विचारलं. मामाने काठी घेतली आणि चाक हलकेच उलटं केलं. एकतीस वर्षांच्या संसारात दोघं एकाच खोलीत एकच काम करत असलेली मी पहिल्यांदा पाहिली. चाक पुन्हा कापलं गेलं, टाकीची गळती बंद झाली, आणि लिफ्ट तेव्हापासून एकदाही थांबलेली नाही.

मावशी सहाव्या मजल्यावर परत गेली त्या दिवशी मामा आणि मी तिथेच होतो. काकूंचा फोन आला. मावशीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"तुझ्या घरात आठ दिवस राहिले," मावशी म्हणाली. "खिडकीखालची भिंत सरदलेली आहे. एकोणतीस वर्षांत बोलली नाहीस."

"तुला कशाला सांगू? तू भावाला पाठवलं असतंस यंत्र घेऊन. इकडे कोरडं आहे सगळं. अकरावा मजला."

"लिफ्ट आहे?"

"आहे. आरसे लावलेत आत. काल तळमजल्यावर एक बाई शिरली, माझ्याच वयाची. वाटलं जरा ओळख करून घ्यावी. बाईंनी नाव सांगितलं, मी म्हटलं कुठल्या तुम्ही, तेवढ्यात टिंग झालं आणि त्या चौथ्यावर उतरून गेल्या. इथली लिफ्ट थांबतच नाही गं मधे."

मावशीने पर्स उगाच उघडली आणि मिटली.

मामा पुढे वाकला आणि फोनमध्ये म्हणाला, "काकू, दोर वळतो तिथल्या चाकाचं माप मिळेल का?"

"मुलाला विचारून सांगते," काकू म्हणाल्या.

मंगळवारी माप आलं.